औषध लागलं

या मित्रांनो, जरा जवळ सरका. एक गोष्ट सांगतो, पण कान देऊन ऐका. माझे सगळे दुःख नीट न ऐकले गेल्याचेच आहे.

मी एक जुना बटनांचा मोबाइल आहे. आर्णीजवळच्या एका गावात, फवारणीचे पंप दुरुस्त करणाऱ्या रहेमानभाईंच्या दुकानात मी दोरीला बांधलेला असे. शहरातल्या एका संस्थेने मला गावाला दिले होते. एक बटन दाबायचे, आपल्या बोलीत अडचण सांगायची. शहरात ती ऐकली जाई आणि माझ्या पडद्यावर उत्तर येई. विजेची डीपी जळली, नळ आटला, शाळेत बाई नाहीत. कितीतरी कामे झाली. पोळ्याला बैलांबरोबर मलाही कुंकू लागले.

समोरच्या मंदिरात कीर्तन रंगे. बुवांनी अर्धा शब्द टाकला की सारे गाव उरलेला समजून डोले. मला वाटे, शहरातही आमचे बोलणे असेच समजत असेल.

मग बोंडअळीची वर्षे आली. कपाशी डोक्याच्या वर गेली, फवारा तोंडावर उडू लागला. एका दुपारी तानाबाई धावत आली. तिचा नवरा देवीलाल फवारता फवारता वावरात कोसळला होता. तिने मला तोंडाशी धरले.

"घरच्यायले औषध लागलं, साहेब. लवकर पाठवा ना."

आमच्याकडे फवारणीच्या विषाला औषधच म्हणतात. ते अंगात भिनले की 'औषध लागलं'. ती गाडी मागत होती; शहरातल्या माणसाने ऐकले, औषध हवे आहे.

तानाबाई माझ्याकडे बघत उभी राहिली. एवढ्या वेळा मी उत्तर दिले होते, आताही देईन, हा तिचा भरवसा. अखेर पडदा उजळला. रहेमानभाईंनी वाचले, "तुमची मागणी नोंदवली आहे. मंगळवारी फिरत्या दवाखान्यातून औषध मिळेल."

"मंगळवारी?" त्यांची बायको हलीमा म्हणाली. "आदमी मरून राह्यला अन् हे खोकल्याचं औषध देऊन राह्यले. तुम्ही वाचत काय बसले? गाडी काढा."

गाडी निघाली. मी दोरीला लोंबकळत राहिलो. शब्द न् शब्द मी बरोबर पोचवला होता. अर्थ पोचवण्याचे बटन मला कोणी दिलेच नव्हते. काय करणार होतो मी?

देवीलाल दवाखान्याच्या वाटेवरच गेला.

संस्थेची माणसे आली, हळहळली, गेली. मला खणात टाकले. अजून तिथेच आहे.

मित्रांनो, उद्या तुम्ही माझ्याहून हुशार यंत्रे घडवाल. जरूर घडवा. पण त्यांच्या पलीकडे असा कोणी बसवा, जो विचारील, "बाई, लागलं म्हणजे काय हो?" एवढे विचारायला किती वेळ लागतो?

तानाबाई आता कुठल्याच फोनवर बोलत नाही. कोणी पुढे केला तर मान फिरवते. म्हणते, "मले बराबर सांगता नाही आलं."

देवाजवळ हात जोडाल तेव्हा तिची आठवण ठेवा. आणि कधी भेटलीच, तर तिला एवढे सांगा, की ती बरोबरच बोलली होती.