खुर्चीसकट भाऊसाहेब

निवड चाचणी रविवारी आणि सत्कार गुरुवारी. जिंकायच्या आधीच सत्कार उरकायची अक्कल कुणाची, हे विजयमालाला विचारावं लागलं नाही. इंदापूरकडच्या त्या गावात चौकातच फ्लेक्स होता. त्यावर छकुलीचा फोटो तिकिटाएवढा आणि भाऊसाहेबांचा दाराएवढा. भाऊसाहेब म्हणजे रविराजराव. गेली बारा वर्षं ते 'भावी' होते. कशाचे, ते दर निवडणुकीला बदलायचं.

विजयमाला बारामतीत एका पत्र्याच्या शेडमध्ये पोरींना वेटलिफ्टिंग शिकवायची. छकुलीसारखी पोर तिच्या हाताखाली कधी आली नव्हती. रविवारी निभावलं की पोर थेट राज्याच्या संघात. फक्त कंबर शाबूत राहायला हवी होती. महिन्यापूर्वी ती लचकली होती, आत्ता कुठं धड झाली होती. म्हणून तर विजयमाला स्वतः सत्काराला आली होती, राखणीला.

शाल, नारळ, फेटा झाला. एका वक्त्यानं वेटलिफ्टिंगला कुस्ती म्हटलं, दुसऱ्यानं कबड्डी. मग छकुलीचे चुलते बिरूआबा माईकवर आले.

"आता आपली छकुली भाऊसायबांस्नी खुर्चीसकट उचलून दावंल!"

उचलली जीभ, लावली टाळ्याला. मंडप टाळ्यांनी दणाणला, मोबाईल वर झाले. भाऊसाहेब म्हणजे शंभर किलोच्या वरचा ऐवज. नको नको म्हणायची एक रीत असते, तेवढीही न पाळता ते मंडपाबाहेर मोकळ्यात मांडलेल्या खुर्चीत जाऊन बसलेसुद्धा. व्हिडिओला उजेड हवा होता.

विजयमालाचं डोकं फिरलं. वजनांचा लोखंडी बार कसा, दोन्हीकडं सारखा आणि मुका असतो. हा माणूस हलणार, हसणार, कॅमेऱ्याकडं वळणार. एका अंगाला कलला की सगळा भार पोरीच्या कमरेवर. त्यात पोर काठापदराच्या साडीत, सकाळपासून एका जागी बसवून ठेवलेली, अंग थंडगार. वीस वर्षांपूर्वी अशाच टाळ्यांत विजयमालानं बाकासकट दोन पुढारी उचलले होते. पुढारी सुखरूप खाली उतरले. तिच्या मणक्यातली गादी सरकली ती सरकलीच. तेव्हापासून ती बार धरायची तो दुसऱ्यांना दाखवण्यापुरता.

ती बिरूआबांपाशी गेली. "आबा, हे चालायचं न्हाय. रविवारी चाचणी हाय."

"पाव्हण्याला न्हाय म्हणायचं व्हय, मॅडम? गावाची अब्रू हाय. आन् आमच्या आईनं तर मेंढरं खांद्यावर घिऊन घाट चढलाय."

"मेंढरू फोटोसाठी वळत न्हाय, आबा."

छकुली खाली मान घालून बसली होती. आता ही नंदीबैलासारखी मान डोलावणार, असं वाटून विजयमालानं मनातल्या मनात तिलाही चार शिव्या हासडल्या.

छकुली उठली. फेटा काढून टेबलावर ठेवला आणि माईक घेतला.

"उचलते, आबा. पन वॉर्म-अप केल्याबिगर मॅडम कशालाच हात लावू देत न्हाईत. तेवढं करते."

लोक खूश झाले. घरात जाऊन ती ट्रॅकपँट घालून आली. मान फिरवली, खांदे फिरवले, एकेक घोटा फिरवला. मग मंडपाला फेऱ्या घातल्या, सावकाश. मग वेळूची काठी खांद्यावर घेऊन बैठका, आणि दर पाच बैठकांनंतर दोन मिनिटं विश्रांती. भाऊसाहेब गुडघ्यांवर हात ठेवून उन्हात बसले होते. पंख्याचं तोंड स्टेजकडं होतं आणि उठावं तर शोभा. मोबाईल धरून दुखलेले हात एकेक करून खाली आले. मटणाचा वास सुटला तशी मागची रांग जेवायला पांगली.

"झालं का गं?" बिरूआबांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"कंबर ऱ्हायलीय, आबा. कंबरंला येळ लागतो."

अर्ध्या तासानं भाऊसाहेब घामाघूम होऊन उठले. पुढं दोन कार्यक्रम आहेत म्हणाले आणि फुफाटा उडवत त्यांची गाडी निघून गेली.

"घालवलीस गावाची अब्रू!" बिरूआबा कडाडले.

"मी कुठं न्हाय म्हनले? त्येंनाच दम धरवला न्हाय."

मंडपामागं विजयमालानं पोरीला पोटाशी धरलं. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. छकुली शेडमध्ये आल्यापासूनच्या सहा वर्षांत एवढा आनंद तिला पोरीच्या कुठल्या पदकानं दिला नव्हता.

"मॅडम," छकुलीनं विचारलं, "तुमी तवा, त्या बाकाच्या येळी, असं का न्हाय केलं? वॉर्म-अप तर तुमालाबी ठावं असंल की."

वीस वर्षं विजयमाला त्या दोन पुढाऱ्यांना, त्या गावाला, झालंच तर बापालाही शिव्या घालत आली होती. तेच सगळं आताही जिभेवर आलं. पण आत्ता जे पाहिलं होतं, त्यानंतर या पोरीपुढं ते बोलवेना.

"ठावं व्हतं," ती म्हणाली. "पर मला कुनी उचल म्हनलंच न्हवतं गं. त्यो बाक मीच मागवला व्हता."