माझ्या पोटातले नाव

मित्रांनो, माझ्याकडे पाहून आधी हसून घ्या, मग मी बोलायला लागतो. मी एक जुना चषक आहे. अंग पितळेचे, वर चांदीचा मुलामा, खाली काळ्या लाकडाचा पाय आणि दोन बाजूंना दोन कान. त्यातला डावा कान उजव्यापेक्षा जरा खाली बसला आहे. मला घडवणाऱ्या कारागिराच्या अंगात त्या दिवशी ताप होता, त्याचा हा प्रताप. पण ऐकू मला दोन्ही कानांनी सारखेच येते. आणि मी जे ऐकले आहे, ते सांगितल्याशिवाय आता मला राहवत नाही.

त्या कारागिराने मला लाकडी ठोकळ्यावर ठोकून ठोकून आकार दिला. तेव्हा फार दुखले, खोटे कशाला बोलू? पण मुलामा चढल्यावर मी स्वतःला समोरच्या आरशात पाहिले आणि सगळी दुखणी विसरलो. आपण कुठल्या तरी राजाच्या दिवाणखान्यात जाणार, अशी माझी खात्री झाली. प्रत्यक्षात मी गेलो टपाल कचेरीत.

तिथल्या टपालवाल्यांची दरवर्षी सायकलची शर्यत होत असे. नुसती पळवापळवी नव्हे बरे. प्रत्येकाच्या खांद्याला टपालाची भरलेली पिशवी आणि पिशवीत दहा पत्रे. गावातल्या दहा दारांवर ती बरोबर टाकून जो सर्वांत आधी मैदानात परत येईल, त्याच्याकडे मी वर्षभर राहायचो. एक पत्र चुकीच्या दारात पडले की शर्यतीतून बाद. त्या कचेरीची आणखी एक रीत होती. चषकावर विजेत्याचे खरे नाव कोरायचे नाही. कचेरीने पाडलेले टोपणनाव तेवढे कोरायचे.

पहिल्या वर्षी माझ्या अंगावर नाव चढले, ‘तुफान’. हा उंचापुरा, पिळदार पायांचा टपालवाला. दुसऱ्या वर्षी पुन्हा तोच. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या वर्षीही तोच. त्याच्या घरी माझी जागा ठरून गेली होती. त्याची आई मला मऊ फडक्याने पुसायची आणि शेजारणींना मुद्दाम त्याच खोलीत बसवायची.

नावे कोरणारा कारागीर मैदानातच एका छत्रीखाली बसत असे. शर्यत संपली की लगेच बक्षीस समारंभ. पाहुण्यांना नेहमीच घाई. शर्यतीचे सचिव म्हणायचे, “नाव कोरलेलाच चषक पाहुण्यांच्या हातून दिला पाहिजे.” बिचाऱ्या कारागिराची फार धांदल उडायची. मग तिसऱ्या वर्षापासून त्याने एक सोपी वाट काढली. शर्यत सुरू झाली, की तो ‘तुफान’ कोरायलाच घ्यायचा. जिंकणार तोच, मग थांबायचे कशाला? तीन वर्षे हे निभावले. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, ही म्हण त्याला कोणीतरी आधीच ऐकवायला हवी होती.

सहाव्या वर्षी शर्यतीत एक बाई उतरली. कचेरीतली ती पहिलीच टपालवाली. अंगाने किडकिडीत, पण नजर बारीक आणि बोलणे टोचणारे, म्हणून तिला सगळे ‘टाचणी’ म्हणत. शर्यतीच्या सकाळी बाकीचे सायकलींना तेलपाणी करत होते. ही मात्र जमिनीवर मांडी घालून आपली दहा पत्रे गल्ल्यांच्या क्रमाने लावत बसली होती.

तुफान हसला. “अगं बाई, शर्यत सायकलची आहे. पत्ते पिसायची नाही.”

“वाटेत कळेलच,” ती म्हणाली.

आणि वाटेत कळलेच. प्रत्येक दाराशी तुफानला पिशवी उपसावी लागे आणि टाचणीच्या हाताला वरचेच पत्र लागे. मैदानात पहिली सायकल शिरली ती तिची. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला आणि त्याच वेळी छत्रीखाली बसलेल्या कारागिराच्या हातातले कलम गळून पडले. माझ्या अंगावर सहावे नाव पूर्ण झाले होते, ‘तुफान’.

सचिवांनी कपाळाला हात लावला. खोडावे तर पत्रा पातळ होईल, आणि पाहुणे तर खुर्चीतून उठलेसुद्धा. “राहू दे तसंच,” ते कुजबुजले. “नोंदवहीत तिचं नाव लिहू. पुढच्या वर्षी चषकावर दुरुस्ती करू.” टाचणीच्या हातात मी आलो तो दुसऱ्याचे नाव घेऊन. मित्रांनो, त्या दिवशी मला माझ्या चकाकीची लाज वाटली.

समारंभ संपल्यावर कारागीर तंबूमागे तिच्यापाशी आला. त्याचे डोळे भरले होते. “पोरी, माझ्या हातून पाप झालं. वर सचिव हात लावू देत नाहीत. पण याच्या पोटात मी तुझं नाव घालून देतो.” त्याने माझा लाकडी पाय सोडवला आणि आतल्या पितळी बुडावर झरझर कोरले, ‘टाचणी, पहिली’. खाली वर्ष घातले. मला गुदगुल्या झाल्या आणि आनंदही झाला. पण पाय परत बसवायच्या वेळी त्याचा नट गवतात हरवला. टाचणीने आपल्या सायकलच्या पिशवीतला एक जादा नट काढला आणि आपल्याच पान्याने घट्ट आवळला. त्यामुळे माझ्या पायाला आजही सायकलच्या चाकाचा नट आहे.

वर्षभर मी तिच्या घरी शिवणयंत्रावर उभा होतो. तिचे वडील येणाऱ्या-जाणाऱ्याला मला दाखवत. पाहुणे मला वाचून विचारत, “मुलगी जिंकली म्हणता, मग नाव दुसऱ्याचं कसं?” वडील समजावून सांगत. पाहुणे “असं होय” म्हणून चहा पीत. त्या “असं होय”मध्ये विश्वास नसायचा. पुढे पुढे टाचणी माझ्यावर रुमाल टाकून ठेवू लागली.

पुढच्या वर्षी दुरुस्ती झालीच नाही, कारण शर्यतच झाली नाही. टपालाला मोटारगाड्या आल्या आणि मी कचेरीच्या कपाटात गेलो. नोंदवहीला वाळवीने गाठले. माझ्यात कोणी रबरी शिक्के ठेवले, कोणी पेन्सिली. एका नव्या झाडूवाल्याला माझी दया आली आणि त्याने मला राखेने खसाखसा घासले. त्याच्या मनात माया होती, पण माझी दोन नावे निम्मी पुसली गेली. शेवटी कचेरी दुसऱ्या इमारतीत गेली आणि मी भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढलो. एका फुटक्या बंबाशेजारी मी किती वर्षे काढली, ते मोजणे मी सोडून दिले होते.

मग एक दिवस जुन्या वस्तूंचा लिलाव करणाऱ्यांची माणसे आली आणि मला उचलून घेऊन गेली. तिथली एक मुलगी भिंग लावून माझ्यावरची नावे वाचत होती. वाचता वाचता ती खुर्चीतून उठलीच. “एकच माणूस, सलग सहा वेळा!” लिलावाच्या पुस्तिकेत माझे छायाचित्र छापले गेले आणि खाली ठळक अक्षरांत लिहिले, ‘सलग सहा विजयांचा विक्रम’. मला मान मिळाला तो खोट्या गोष्टीसाठी. माझ्या पोटातले खरे नाव मात्र कोणी पाहिले नव्हते.

लिलावाच्या आदल्या दिवशी वस्तू पाहायला लोकांना आत सोडतात. त्यात एक पांढऱ्या केसांची आजी नातीचा हात धरून आली. तिने माझ्या बुडाखालच्या नटावरून बोट फिरवले आणि मी तिला ओळखले.

“याचा पाय उघडून दाखवता का?” तिने विचारले.

“नाही आजी,” तिथला कारकून म्हणाला. “नट गंजलाय. जोर लावला आणि काही मोडलं तर?”

“मीच बसवलाय तो.”

कारकून गालातल्या गालात हसला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. नात म्हणाली, “आजी, जाऊ दे ना.” आजी म्हणाली, “इतकी वर्षं जाऊच दिलं. आता नाही.”

दुसऱ्या दिवशी सभागृह भरले. पहिल्या रांगेत बसले होते एक गृहस्थ, ज्यांच्या घरी चषकांनी भरलेली नऊ काचेची कपाटे होती. सगळे त्यांना कपाटवाले साहेब म्हणत. त्यांच्याशेजारी दातांचे एक डॉक्टर होते. त्यांनाही हाच नाद होता. मधल्या रांगेत टाचणी बसली होती, मांडीवर कापडी पिशवी घट्ट धरून. मला टेबलावर ठेवले. लिलाव पुकारणारा खुलला होता. “आणि मंडळी, आज एक खास गोष्ट. सहा वेळा जिंकणारे तुफान स्वतः इथे हजर आहेत!”

शेवटच्या रांगेत एक उंच म्हातारा काठीवर भार देऊन उठला. टाळ्या सुरू झाल्या. त्याने हात वर करून त्या थांबवल्या.

“पाच,” तो म्हणाला. “सहावा माझा नाही.”

“पण चषकावर कोरलंय, काका.”

“कोरलंय ते चुकीचं आहे. त्या वर्षी मी दुसरा आलो. शेवटचं सगळं अंतर मी हिच्या मागच्या चाकाकडे बघत कापलं.” त्याने काठीने टाचणीकडे दाखवले. “लोक सहा म्हणत राहिले आणि मी गप्प बसलो. ऐकायला गोड वाटायचं. बक्षीस समारंभालाही मी थांबलो नव्हतो. पण काल पुस्तिकेत ते छापलेलं वाचलं आणि घास उतरेना.”

टाचणी उठली. पिशवीतून तिने तेलाची छोटी कुपी काढली आणि एक जुना, झिजून चकचकीत झालेला पाना काढला. “आता तरी उघडू द्याल?” पुकारणाऱ्याने घाम पुसला आणि मान डोलावली. तिने नटावर तेलाचे दोन थेंब सोडले आणि हात बांधून उभी राहिली.

“काय झालं?” पुकारणाऱ्याने विचारले.

“तेल मुरू दे. घाई केली म्हणून तर हे सगळं झालं.”

सगळे सभागृह तेल मुरायची वाट पाहत बसले. मग तिने पाना लावला आणि एक हिसका दिला. नट कुरकुरला आणि फिरला. माझा लाकडी पाय बाजूला झाला. पुस्तिका लिहिणारी मुलगी भिंग घेऊन धावत आली आणि तिने मोठ्याने वाचले, “टाचणी, पहिली.” इतक्या वर्षांनी ते नाव मी उजेडात ऐकले. मित्रांनो, माझ्यासारखा सुखी चषक त्या क्षणी जगात दुसरा नव्हता.

मग बोली सुरू झाली. विक्रमच उरला नाही, तेव्हा कपाटवाल्यांनी आपला आकड्याचा फलक खाली ठेवला. दातांचे डॉक्टर मात्र हुशारले. “पोटात दुरुस्ती असलेला चषक कुणाकडे आहे?” म्हणत ते चढत गेले. टाचणीही चढत गेली. पण तिची पिशवी लहान होती. एका बोलीला तिने हात खाली घेतला आणि मान खाली घातली. माझ्या दोन्ही कानांत शुकशुकाट झाला. जिंकलेली वस्तू तिच्या डोळ्यांदेखत दुसऱ्यांदा दुसऱ्याच्या नावावर जात होती.

“एक वार, दोन वार...”

“माझी बोली,” मागून आवाज आला. तुफानने काठी उंचावली होती. टाचणीने गर्रकन वळून त्याच्याकडे असे पाहिले की मीच दचकलो. डॉक्टरांनी एकदा म्हाताऱ्याकडे पाहिले, एकदा तिच्याकडे पाहिले, आणखी दोनदा बोली वाढवली आणि मग हात टेकले. तीन वार झाले. हातोडा पडला.

तुफान एकेक पाऊल टाकत पुढे आला. त्याने मला दोन्ही कानांना धरून उचलले आणि तिच्या हातात ठेवले. “त्या दिवशी मैदानात थांबून हेच करायला हवं होतं. अभिनंदन, टाचणी. फार उशीर झाला.”

तिचे डोळे वाहत होते, पण जीभ जागेवर होती. “उशिरा का होईना, पत्र बरोबर दारात पडलं. पण फुकट घेणार नाही मी. अर्धे पैसे माझे. सहा महिने माझ्याकडे, सहा महिने तुझ्याकडे. फिरता चषक आहे हा. फिरू दे.”

“आणि वरचं चुकीचं नाव? खोडून घेऊ का?” त्याने विचारले.

“खोडायचं कशाला? तू दुसरा आलास हे खरंच आहे ना? तुझं नाव राहू दे. माझं तेवढं त्याच्या वर घाल.”

सभागृहात हशा पिकला, तुफान सर्वांत मोठ्याने हसला, आणि ज्या टाळ्या त्याने थांबवल्या होत्या त्या आता तिच्यासाठी वाजल्या. त्याच आठवड्यात एका नव्या कारागिराने माझ्या अंगावर ठसठशीत अक्षरांत ‘टाचणी’ कोरले. कोरण्याआधी त्याने दोनदा विचारून घेतले.

आता मी वर्षातून दोनदा नातीच्या सायकलच्या टोपलीत बसून या घरातून त्या घरात जातो. पाहुणे मला वाचतात, नात त्यांना पोटातले नावही उघडून दाखवते आणि “असं होय” आता कोणी म्हणत नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात, शाळेत, कपाटाच्या वरच्या फळीवर माझा एखादा भाऊबंद धूळ खात उभा असेल. त्याला राखेने घासू नका, मऊ कोरड्या फडक्याने पुसा. त्याच्यावरची नावे मोठ्याने वाचा आणि ज्यांची ती आहेत त्यांना शोधा. जमल्यास त्याला उलटा करून त्याचे बूडही एकदा बघा. आणि शर्यत संपेपर्यंत कोणाचेच नाव कोरू नका. माझा नट आता टाचणी स्वतःच आवळते, पण हाताने सहज सुटेल इतकाच.