आकिम आमाच्या काळ्या गोळ्या

आकिम आमाचा, म्हणजे आकिम आजीचा, चेहरा त्या वर्षी असा गोल गरगरीत झाला होता की अख्खं गाव तिचं कौतुक करत सुटलं होतं. "आमा, मानवलंय हो तुला. सुनेनं काय खाऊ घातलं?" असं कोणी विचारलं की आमा हातातली सुरी न थांबवता म्हणायची, "सून तिकडं तायचुंग शहरात. ती काय खाऊ घालणार? मीच माझं खाते." आणि पुढच्या कालवाचा शिंपला फोडायची. पंचाहत्तरी ओलांडलेली बाई, दिवसभर बुटक्या स्टुलावर बसून कालवं सोलायची आणि उठताना कोणाचा हात मागायची नाही. दोन वर्षांपूर्वी हीच आमा भिंत धरधरून मोरीपर्यंत जायची, हे लोक विसरून गेले होते. माणसांना दुसऱ्याचं दुखणं लक्षात राहत नाही, त्याला कोण काय करणार!

पेइचेनच्या मात्र ते लक्षात होतं. पेइचेन म्हणजे शेजारच्या घरातली, आठवीतली पोर. आईबाप दोघंही खाडीत कालवांच्या तराफ्यांवर कामाला, त्यामुळे ही रांगत्या वयापासून आमाच्या पायाशी वाढली. शाळेतून आली की आधी आमाकडं, आमाच्या हातची रताळ्याची पेज, मग स्वतःचं घर. दोघींचं नातं रक्ताचं नव्हतं, पण भांडण रोज सख्ख्यासारखं चालायचं.

शाळेत आरोग्याचा तास ल्याव बाई घ्यायच्या. बाई बुटक्या, आवाज मात्र खणखणीत. त्यांच्या वडिलांनी रेडिओवर ऐकून मागवलेली औषधं वर्षानुवर्षं खाल्ली, मूत्रपिंडं गेली, आणि शेवटची वर्षं डायलिसिसच्या खुर्चीत काढली. त्यामुळे बाई हा विषय शिकवायच्या ते पोटतिडकीनं. औषधाच्या खोक्यावरचं बारीक अक्षर वाचायला लावायच्या, जाहिरातीतलं खोटं शोधायला लावायच्या, आणि तास संपताना सगळ्या वर्गाकडून म्हणून घ्यायच्या: कुठून आलंय ते माहीत नसलेलं औषध घ्यायचं नाही, खायचं नाही, ठेवायचं नाही, दुसऱ्याला द्यायचं नाही. मग शनिवारी पोरांना पिवळ्या बंड्या घालून म्हाताऱ्यांच्या घरी पाठवायच्या, घरातली जुनीपुराणी औषधं बाहेर काढायला.

बाकीची पोरं जायची ती तासांसाठी. पुढच्या शाळेच्या प्रवेशाला सेवेचे तास लागतात, ते कोणाला चुकलेत? पेइचेन जायची ती मनापासून. आणि मनापासून करणारी माणसंच जगाच्या डोक्याला जास्त ताप देतात, हे मी सांगायला नको.

आमाच्या घरात तिला ती बाटली सापडली चहाच्या डब्यामागं. पांढरी, प्लास्टिकची, वर नाव ना गाव. आत मिऱ्याएवढ्या काळ्या गोळ्या.

"हे काय गं आमा?"

"औषध नाही ते. झाडपाल्याच्या गोळ्या आहेत. गुडघ्याला बऱ्या पडतात."

"कोणी दिल्या?"

"देवळामागं गाडी घेऊन येतो ना, तो गोरासा पोरगा. फार गुणी आहे. मला आई म्हणतो. युंगशेंग माझ्या पोटचा, पण त्यानं जन्मात मला इतक्या वेळा आई म्हटलं नसेल."

"आमा, ह्याच्यावर कोणी बनवलं ते लिहिलेलं नाही."

"तुझ्यावर तरी कुठं लिहिलंय? तरी घरात घेतेच ना मी तुला?"

पेइचेन हसली नाही. बाटली घेऊ का म्हणाली, आमा नाही म्हणाली. दुसऱ्या दिवशी पोरीनं ल्याव बाईंच्या वडिलांची गोष्ट सांगितली. आमानं नाक मुरडलं. तिसऱ्या दिवसापासून पोरीनं आमाची पेज खाणं बंद केलं. यायची, नुसती बसायची आणि उपाशी निघून जायची. हे मात्र आमाला सोसेना. वाडगा पुढं केला की पोरगी मान फिरवते, हे म्हातारीनं किती दिवस बघायचं? शेवटी तिनं हात टेकले.

"घे बाई, घेऊन जा ती बाटली. पण एक ऐक." आमानं सुरी बाजूला ठेवली. "माझे गुडघे गेलेत हे युंगशेंगला कळता कामा नये. तो टपूनच बसलाय. नववर्षाला आला तेव्हा म्हणाला, आई, तुला चालवेनासं झालं की मी एक दिवस इथं ठेवणार नाही. तिथं अकराव्या मजल्यावर कोंडून घालेल मला. खिडकी उघडली की समोर दुसऱ्याची खिडकी. मी नाही जायची तिथं. शब्द दे, ह्या गोळ्यांचं कोणाला सांगणार नाहीस. युंगशेंगला नाही, डॉक्टरला नाही, कोणालाच नाही."

"दिला."

"नीट दे."

"दिला म्हटलं ना आमा. आता पेज वाढ."

शाळेत सगळ्या पोरांनी आणलेल्या औषधांचा ढीग लागला. ल्याव बाईंनी ती पांढरी बाटली उचलून वर्गाला दाखवली. "बघा, नाव नाही, पत्ता नाही. ह्या एका बाटलीपायी कोणाची तरी मूत्रपिंडं गेली असती. शाबास पेइचेन." बाटली कोणाच्या घरची ते पोरीनं सांगितलं नाही आणि बाईंनीही विचारलं नाही. ढीग जाळायला गेला. पेइचेन त्या दिवशी घरी आली ती जमिनीवर पाय न ठेवता.

पहिले दोनतीन दिवस आमाचं बरं चाललं होतं. मग तिची भूक मेली. "उकाडा आहे," आमा म्हणाली. मग बसल्या जागी चक्कर यायला लागली. मग पोटात काही ठरेना. सुरी हातातून निसटायला लागली तेव्हा पेइचेनला वाटलं, गुडघ्यांचं दुखणं परत आलं असेल, म्हणून आमा झोपत नसेल. तिनं आमाचे पाय चेपून दिले. आमा म्हणाली, "तुझ्या हातात गुण आहे गं," आणि डोळे मिटून घेतले.

पुढच्या दुपारी पेइचेन शाळेतून आली तर आमा स्टुलाशेजारी शिंपल्यांच्या ढिगाऱ्यात आडवी पडलेली. अंग गार, ओठ पांढरे. पेइचेनच्या आईनं रुग्णवाहिका बोलावली. पोरगी आमाचा हात सोडेना, म्हणून तिलाही गाडीत घेतलं.

शहरातल्या हॉस्पिटलात डॉक्टरीण बाई तरुण होत्या. त्यांनी आधी विचारलं ते कालवांचंच. "कच्ची खाल्ली होती का?" पेइचेनची आई नाही म्हणाली. सलाईन लावलं, रक्त काढलं. तेवढ्यात युंगशेंग घामाघूम होऊन धावत आला. तायचुंगहून गाडी दामटत आला होता बिचारा.

"औषधं कोणकोणती चालू आहेत?" डॉक्टरीणबाईंनी त्याला विचारलं.

"रक्तदाबाची एक गोळी. बाकी काही नाही. माझी आई ठणठणीत होती हो."

डॉक्टरीणबाई आमाच्या कानाशी वाकल्या. "आमा, आणखी काही घेता का? झाडपाल्याचं, शेजाऱ्यांनी दिलेलं?"

आमानं डोळे किलकिले केले. "नाही. काही नाही घेत मी." आणि हे म्हणताना तिनं पेइचेनकडं बघितलं.

बाटलीचा आणि ह्या दुखण्याचा काही संबंध असेल, हे पेइचेनच्या डोक्यात त्या क्षणापर्यंत आलंच नव्हतं. आता आलं, आणि हलेना. पण मन कशी वकिली करतं बघा. डॉक्टरांनी विचारलं ते काय घेता. आमा आता काही घेत नाही, म्हणजे आमा खोटं कुठं बोलली? गोळ्या तर वाईटच होत्या, त्या बंद झाल्या हे चांगलंच झालं. शिवाय शब्द दिलेला. तोंड उघडलं की युंगशेंग काका आमाला घेऊन जाणार, हे पक्कं. आणि ह्या सगळ्याच्या खाली दडलेली भीती म्हणजे, गोळ्यांमुळेच हे झालं असेल तर ते तिनं स्वतः केलेलं होतं.

"सलाईन जातंय तरी रक्तदाब चढत का नाही?" डॉक्टरीणबाई नर्सला म्हणाल्या. त्यांच्या आवाजातली काळजी पेइचेनला स्पष्ट ऐकू आली. नर्सनं आमाचे पाय उंच केले. आमाची मान एका बाजूला कलली.

वर्गात ल्याव बाईंनी एकदा डॉक्टर-पेशंटचा खेळ घेतला होता. पेइचेन पेशंट झाली होती. "सध्या काही घेत नाही," असं ती ऐटीत म्हणाली होती, तर बाईंनी मागून विचारलं होतं, "आणि गेल्या महिन्यात?" सगळी पोरं हसली होती. आता इथं मागून विचारायला कोणी नव्हतं.

"ती काळ्या गोळ्या घ्यायची," पेइचेन म्हणाली.

सगळे वळले.

"कसल्या गोळ्या?" युंगशेंग म्हणाला.

"गुडघ्यांसाठी. दोन वर्षं घेत होती, रोज. देवळामागं एक माणूस विकायला येतो त्याच्याकडून. मी बंद करायला लावल्या. बाटलीच घेऊन गेले मी."

"काहीतरी बरळतेय पोरगी." आमाचा आवाज जेमतेम निघत होता. "मीच सोडल्या. मला कंटाळा आला म्हणून सोडल्या. तिला काय विचारता, लेकरू आहे ते."

मरणाच्या दारात पडलेली बाई, धड श्वास घेता येत नव्हता, आणि तरी पोरीला पाठीशी घालत होती. पेइचेनला रडू फुटलं. "नाही, मी केल्या बंद. तू गप्प बस गं आमा."

"कोणी बंद केल्या ते मला नको आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कधी केल्या ते सांग."

"आठवडा होऊन गेला."

त्यांनी आमाचा गोल चेहरा हनुवटीला धरून उजेडाकडं वळवला. बाही वर सारली. दंडावरची कातडी कागदासारखी पातळ झाली होती, जागोजाग काळेनिळे डाग. त्यांनी नर्सला एका इंजेक्शनचं नाव सांगितलं, आणि नर्स पळत गेली.

संध्याकाळपर्यंत आमाच्या हातांत ऊब आली. डॉक्टरीणबाईंनी मग बाहेर येऊन समजावून सांगितलं. असल्या गोळ्यांत चोरून स्टेरॉइड मिसळतात, जुनी माणसं त्याला अमेरिकेचं अमृत म्हणतात. त्यानं दुखणं पळतं, चेहरा फुगतो, आणि शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं काम विसरून जातं. मग गोळ्या एकदम थांबल्या की शरीर कोसळतं. "त्या बंद करायलाच हव्या होत्या," त्या म्हणाल्या, "पण हळूहळू, डॉक्टरच्या नजरेखाली. आणि तू बोलली नसतीस, तर आम्ही पोटाच्या विकारावरच उपचार करत बसलो असतो."

ल्याव बाई आल्या तेव्हा पेइचेनच्या आईचं त्यांना फोनवर सगळं सांगून झालं होतं. त्यांचा खणखणीत आवाज कुठं गेला होता कोण जाणे. त्या युंगशेंगपुढं वाकल्या. "चूक माझी आहे. मी पोरांना फेकून द्या म्हणून शिकवलं, आधी विचारा म्हणून शिकवलंच नाही. तिला बोलू नका, मला बोला."

युंगशेंग बोललाच. दुसऱ्याच्या आईच्या औषधाला हात लावायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला, असं बरंच काही बोलला. बाईंनी मान खाली घालून ऐकून घेतलं. मग तो बाकड्यावर मटकन बसला आणि म्हणाला, "दोन वर्षं तिचे गुडघे दुखत होते. मला एका शब्दानं सांगितलं नाही तिनं."

दुसऱ्या दिवशी आमानं पेज मागितली. पेइचेनशी ती बोलली नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. हॉस्पिटलातून सोडलं त्या दिवशी युंगशेंगनं तायचुंगला जाताना गावातल्या घरासमोर गाडी उभी केली ती फक्त कपडे घ्यायला. मागच्या सीटवर आमा उशीला टेकून बसली होती. पेइचेन खिडकीशी जाऊन उभी राहिली.

"शब्द मोडलास," आमा म्हणाली.

"मोडला."

"मेले असते तर इथंच मेले असते."

"आणि मग मी काय करायचं होतं?" पेइचेनचा आवाज फाटला. "सांग ना. मी कुणाकडं यायचं होतं शाळेतून?"

आमानं समोरच्या शिंपल्यांच्या ढिगाकडं नजर वळवली. घरातून युंगशेंग बोचकं घेऊन आला, मागं ठेवलं, पुढं बसला.

"तिथल्या डॉक्टरकडं दर महिन्याला जायचंय म्हणे," आमा म्हणाली. "ह्या हॉस्पिटलच्या नव्या गोळ्या थोड्या थोड्या कमी करणार. तो विचारणार, आमा, काय काय घेता? ह्या युंगशेंगला काय ठाऊक असणार? आणि तू तर तिथं नसणार."

"नसणार."

"म्हणजे आता सगळं खरं मलाच सांगावं लागणार," असं म्हणून आमानं काच वर केली. पोरगी रडत होती आणि ते तिला बघायचं नव्हतं.