विहिरीच्या पाण्यावरची सही

तपासणीच्या दहाही नळ्यांत वायूचे बुडबुडे धरले होते. पाणी गोदाकाठच्या एका वस्तीतल्या विहिरीचं. अर्थ सरळ होता, पाण्यात जिवाणू वाढत होते, म्हणजे विहिरीत कुठून तरी मैल्याचं पाणी झिरपत होतं. प्रयोगशाळेत सहा वर्षं हेच काम करणाऱ्या तेजलला शंका उरली नव्हती.

प्रयोगशाळेचा मालक रविराज तिच्या टेबलाशी आला. "मॅडम, वस्तीशेजारच्या बिल्डरनेच तपासणी सांगितलीय, त्याला बांधकामावर बोट यायला नकोय. जिवाणू नाहीत असं लिहा. या जिवाणूंनी कोणी मरत नाही, तुम्हालाही माहितीये."

ते अर्धंच खरं होतं. हे जिवाणू बहुतेक निरुपद्रवी असतात, पण ते सापडले म्हणजे पाण्यात मैला आहे, आणि मैल्याबरोबर कॉलरा, कावीळ काहीही येतं. तेजलला हे तोंडपाठ होतं. पण घरी अंथरुणाला खिळलेले वडील, कमावणारी ती एकटी. तिने 'पिण्यायोग्य' या शब्दाखाली सही केली.

महिन्याभराने, काचसामान धुणारे गेणूमामा रजा संपवून कामावर आले ते डोकं भादरून.

"मामा, काय झालं हो?"

"आमची कारभारीण, सखुबाई गेली, ताई. जुलाब लागले. दोन दिवसांत आटोपलं."

"पाणी कुठलं पीत होता?"

"आमच्या गोदाकाठच्या वस्तीतल्या विहिरीचंच. आधी उकळून प्यायचो. मग वस्तीत तुमचा कागद लावला. सखुबाईच म्हणाली, तेजलताईची सही हाय, आता कशाला उकळायचं?"

अरेरे! तेजल म्हणाली, "मामा, मला माहीत होतं. नळ्यांत सगळं दिसत होतं!"

गेणूमामांनी घासायला घेतलेली नळी खाली ठेवली.

"त्या नळ्या मीच धुतल्या," ते म्हणाले. "मला त्यातलं वाचता येत नाय. तुम्हाला येत व्हतं. जंतूंनी सांगायचं ते सांगितलं, ताई. आता तुम्ही सांगा. चाळीस घरं अजून तेच पाणी पितात."

त्याच दुपारी तेजलने खरा अहवाल महापालिकेत दिला, वस्तीत जाऊन मोठ्याने वाचला. संध्याकाळी नोकरी गेली. चार दिवसांनी महापालिकेने विहिरीवर फळ्या ठोकल्या. गेणूमामा मात्र तिच्याशी पुन्हा बोलले नाहीत, आणि तिनेही माफी मागितली नाही. कुठल्या तोंडाने मागणार?

मंडळी, घाण पाणी उकळून घेता येतं, खोटा दाखला उकळता येत नाही. ज्याला वाचता येतं, त्याने न वाचता येणाऱ्याला खरं वाचून दाखवलंच पाहिजे, आणि तेही वेळेवर!