बदली डॉक्टर

प्रत्येक टाका जखमेच्या कडेपासून जेवढा दूर, तेवढाच शेजारच्या टाक्यापासून लांब होता, आणि गाठी सगळ्या एकाच बाजूला बसल्या होत्या. मेजर मॅडमनी वाकून पाहिलं, चष्मा सारखा करून पुन्हा पाहिलं. नाव ठेवायला जागा नव्हती.

टाके घालणारा नवा कॅप्टन सकाळच्या विमानातून उतरला होता. त्याच विमानाने मॅडमनी सुटीवर जायचं, असा हुकूम होता. परदेशातल्या या तळावर बदली डॉक्टर हजर झाल्याशिवाय जुन्याला हलता येत नसे. मागचा बदली डॉक्टर उतरला तोच तापाने फणफणत, आणि मॅडमचाच पेशंट झाला. त्याच्या आधीचा चांगला ठणठणीत होता; तेव्हा 'ऐन वेळी केस आली' म्हणून मॅडमच अडून राहिल्या.

घरी बाबा मोतीबिंदू घेऊन बसले होते. "पोटची पोर डॉक्टर असताना परक्यांच्या हवाली डोळा करू? ती आली की बघू." आता डोळ्यातला दाब वाढू लागला होता. आणखी थांबलात तर डोळा जाईल, असं तिथल्या डॉक्टरांनी बजावलं होतं.

"मॅडम, बॅग गाडीत टाकली!" वॉर्ड सांभाळणारा हवालदार धापा टाकत आला. "पायलट घाईला आलाय."

"कोपऱ्यातल्या जवानाचं ड्रेसिंग..."

"झालं," कॅप्टन म्हणाला.

"रक्ताचा साठा?"

"पाहिला."

"आणि तो पोटदुखीवाला? त्याला एकदा मी स्वतः..."

हवालदाराने हात जोडले. "तो सकाळपासून पत्ते कुटतोय, मॅडम. जिंकतोयसुद्धा! आता तुम्ही थांबलात, तर आमच्या पोटात दुखेल."

सगळा वॉर्ड खो खो हसला. मॅडमनाही हसू आवरेना.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला.

"काय गं, याही खेपेला केस आली वाटतं?" बाबांनी विचारलं. "येऊ दे, येऊ दे. माझा दुसरा डोळा आहे की अजून!"

बाहेर विमानाचं इंजिन घरघरलं. मॅडमनी वळून पाहिलं. कॅप्टन पोटदुखीवाल्याचं पोट हलक्या हाताने चाचपत होता. त्यांच्याकडे त्याचं लक्षही नव्हतं.

"बाबा, ऑपरेशनची तारीख घ्या," पळतच दार ओलांडत त्या ओरडल्या, "मी निघाले!"