हमीदचाचांच्या परसातलं शिसं

मी मिरकरवाड्यातल्या मच्छीमार हमीदचाचांच्या परसातली माती बोलतेय. अहो, दचकू नका. दचकायचं काम माझं.

मी जांभ्याची लेक, तांबडी, भुसभुशीत. जाळं बुडायला शिशाच्या गोळ्या लागतात. चाचांच्या वडिलांनी त्या ओतायला माझ्यावर चूल मांडली. पुढे चाचांनी तेच केलं. थेंब सांडायचे, राख माझ्यातच मुरायची. चाळीस वर्षं! पण दोष कुणाला देऊ? त्यावर तर घर चाललं.

१९९८ साली चाचांची नात झारा जन्मली. रांगायला शिकली ती माझ्यावरच. दोन वर्षांची झाली तरी सारखी आजारी. रक्त मुंबईला तपासलं, तर त्यात शिसं! चाचांनी चूल मोडली, परसाचं दार लावलं.

"ह्या मातीवर सिमेंटचा कोबाच घालतो," म्हणाले.

 कोब्याखाली माती जगते का हो?

तेवढ्यात शेजारची नेत्रा आली, कॉलेजच्या प्रयोगासाठी जागा शोधत. "चाचा, दोन हिवाळे द्या. मोहरी मुळांनी शिसं ओढून घेते. थोडी वीज सोडली की शिसं मातीतून सरकत मुळांपाशी येतं."

"आणि वीज आमच्याच अंगात सरकली तर गो?"

"होडीच्या बॅटरीची आहे, चाचा. मुंगीएवढीही चावणार नाही."

तिने मोहरी पेरली, दोन्ही टोकांना कार्बनच्या कांड्या रोवल्या. पहिल्यांदा वीज आली तेव्हा मी केवढी शहारले! वाढलेली रोपं ती मुळांसकट उपटायची, पिशव्यांत बांधून न्यायची. बकरीलासुद्धा पान दिलं नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात पानं जरा पिवळी दिसली. फरीदाचाचींना कळवळा आला. कढीलिंबाला घालतात तसं त्यांनी मासळी धुतलेलं पाणी ओतलं, दोन बादल्या. बांगडे नेमके मिठातले. वीज अशी धावली की तार जळाली. दोन दिवसांत रोपांनी माना टाकल्या.

नेत्रा रडायलाच लागली.

"अगो, मी काय वीख घातलं? कढीलिंब ह्याच्यावरच पोसलाय!" चाची कावऱ्याबावऱ्या.

"मिठाच्या पाण्यातून वीज सुसाट जाते, चाची."

"बांगड्यांनी पोरीला नापास केलं!" चाचा हसले. "पेर गो परत," म्हणाले. कोब्यासाठी रेती सांगून ठेवली होती, ती त्यांनी नको म्हणून कळवली.

आठ दिवस चाची विहिरीचं गोडं पाणी ओढून मला धूत होत्या. हात सोलवटले त्यांचे. नेत्राने पुन्हा पेरलं.

उन्हाळ्यात माझ्या तपासणीचा अहवाल आला. पालेभाजी अजून नको, पण पोर खेळू शकेल. झाराच्या रक्तातलं शिसंही उतरलं होतं.

नेत्रा, मोहरीबाई, चाची, तुमचे उपकार मी कुठे फेडू? चाचा आता गोळ्या तयार आणतात, त्यांचेही आभार.

काल दार उघडलं. झाराने मूठभर मला उचललं आणि मळका हात तोंडाकडे नेला.

"अगोऽऽ!" चाची केवढ्यांदा ओरडल्या.

मी दचकले. पण खरं सांगू, ते ओरडणं मला फार गोड लागलं. चाची, असंच ओरडत राहा. पूर्वी पोर मला तोंडात घालायची, तेव्हा असं घाबरणारं माणूस कधी नव्हतंच.