पाचातली तिसरी पुंगळी

मी एक जुनी पुंगळी आहे. रायफलच्या काडतुसाचं पितळी अंग म्हणजे मी. गोळी उडून जाते, दारू जळून जाते, मागे उरते ती मी, आणि लोक मला रिकामी म्हणतात. म्हणू देत! मित्रांनो, माझी कीव करायला बसला असाल तर आधीच सांगते, रडगाणं गायला मी इथे आलेली नाही.

कारखान्यात पितळेच्या पत्र्यातून एक चकती कापली, ती ओढून ओढून लांब केली, वर मान आवळली आणि मी तयार झाले. खोक्यात बसून अमेरिकेत, मोंटाना राज्यातल्या एका दुकानात आले. तिथून मला अल्विन टोलेफसनने घरी नेलं. पहिल्याच थंडीत त्याने एक एल्क मारलं. बैलाएवढं थोराड हरीण असतं ते. बार झाला तशी मी उडून बर्फात पडले, अंगातून अजून धूर निघत होता. बाकीचे शिकारी आमच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. अल्विन मात्र वाकला, मला उचललं, फुंकर मारली आणि खिशात घातलं. त्या दिवसापासून मी त्या घरची झाले.

त्याच्या गॅरेजमधल्या टेबलावर माझा पुन्हा पुन्हा जन्म झाला. बुडाची, ठिणगी पाडणारी जळकी टोपी काढायची, मला धुऊन तेलाचं बोट लावायचं आणि पोलादी साच्यातून दाबायचं, म्हणजे फुगलेलं अंग मापात येतं. मान वाढली असेल तर घासायची. मग नवी टोपी, तोलून घातलेली दारू आणि वर गोळी. अल्विनचे नियम कडक होते. टेबलावर दारूचा एकच डबा, रेडिओ बंद, गप्पा बंद. गोळी बसवण्याआधी प्रत्येकीच्या तोंडात बॅटरीचा उजेड टाकून बघायचं, कारण कुणात दारू दुप्पट पडली तर रायफल फुटते, आणि तिच्यामागचा माणूसही वाचत नाही. त्याची पोरं मोठी होईपर्यंत त्यांना त्या टेबलाला हात लावायची परवानगी नव्हती.

मग अल्विनचे डोळे गेले. आधी कडेचं दिसेनासं झालं, नंतर समोरचंही. रायफल कपाटात गेली आणि मी एका डब्यात. किती वर्षं तशी पडून होते कोण जाणे. पितळ काळं पडतं, मित्रांनो, पण कुजत नाही. तेवढं लक्षात ठेवा.

एका वसंतात अल्विनचा मुलगा डेल कॉफी प्यायला आला आणि म्हणाला, रायफल नुसती पडून आहे, मी घेऊन जातो. डेल लहानपणापासून शिकारीला जाणारा. त्याला वाटलं होतं, बाप हो म्हणेल आणि विषय संपेल. तेवढ्यात चुलीपाशी उभी असलेली त्याची मोठी बहीण मार्लिस म्हणाली, मलाही हवी आहे. मार्लिस शाळेच्या खानावळीत स्वयंपाक करायची. जन्मभर त्या घरात एल्कचं मांस तिने कापलं, सुकवलं, रांधलं, पण रायफलला तिचा हात कधी लागला नव्हता. डेलला एवढं हसू आलं की कॉफी नाकात गेली.

अल्विन हसला नाही. त्याने अट घातली. शिकारीचा मोसम उघडायच्या आत दोघांनी स्वतः भरलेली पाच काडतुसं घ्यायची आणि दोनशे यार्डांवरून नव्या कागदावर झाडायची. ज्याची पाचही भोकं कॉफीच्या डब्याच्या झाकणाखाली झाकली जातील, रायफल त्याची. दोघांचं जमलं तर डेलची, कारण त्याने आधी मागितली. कुणाचंच जमलं नाही, तर रायफल कपाटातच राहील.

मार्लिस गॅरेजमध्ये आली आणि तिने आमचा डबा उघडला. अल्विन शेजारी स्टुलावर बसून तोंडाने सांगायचा आणि ती हाताने करायची. पहिल्याच दिवशी तिने तेल लावलंच नाही आणि माझी एक बहीण साच्यात अशी अडकली की तिला कापून काढावं लागलं. मग घाबरून मला इतकं तेल चोपडलं की दाबताना माझ्या खांद्याला खळगा पडला. नवशिके दुसरं काय करणार? डेलने तो खळगा पाहिला. "थोबाड बघ हिचं! ही घेऊन तू झाकण मारणार? ताई, तू आपली रानातल्या हकलबेरीचा केक भाज."

मला असा राग आला! पण पुंगळीला राग दाखवायची एकच जागा असते, रायफलच्या नळीचं पोट. तिथे बार झाला, मी फुगले आणि बाहेर आले तेव्हा खळगा गायब होता. मार्लिसने मला बोटांत फिरवून पाहिलं आणि स्वतःशीच हसली. त्यानंतर तिचं तेलाचं बोट कधी चुकलं नाही.

उन्हाळाभर ती शिकली. श्वास सोडून थांबायचं, चाप ओढायचा नाही, हळूच दाबायचा. बार झाल्यावर नळी निवू द्यायची. सुरुवातीला तिची भोकं कागदभर असायची, आणि ती एकेक मोजायची.

शेवटी ठरलेला शनिवार आला. नेमबाजीच्या मैदानावर बापाची तीच रायफल घेऊन डेल आधी बसला. त्याच्या नव्या कोऱ्या पुंगळ्या आरशासारख्या चमकत होत्या. चार गोळ्या त्याने एकाच भोकात घातल्यासारख्या घातल्या. खोटं कशाला बोलू, सुरेख नेम होता. पाचवी मात्र वीतभर लांब गेली. वारा आला, तो म्हणाला. तिथे जुनी भोकं बुजवायला कागदी टिकल्या ठेवलेल्या असतात. त्याने एक उचलून पाचव्या भोकावर चिकटवली. मैदानावर सगळेच असं करतात. भरकटलेली गोळी धरायची नसते म्हणे. मार्लिसने ते पाहिलं.

मग ती बसली. मागून डेलची बडबड चालू होती, नळी निवायची वाट बघत बसलीस तर बर्फ पडेल म्हणून. ती थांबलीच. तिच्या तिसऱ्या बाराला मी आत गेले, आणि त्या बारात माझी मान तडकली. वय झालं होतं. पण गोळी मी जिथे पाठवायची तिथेच पाठवली होती. पाच भोकं झाली, डेलच्या चारांपेक्षा चांगलीच पसरलेली. डेलने मला उचलून चीर पाहिली. "ही भंगार पुंगळी वापरलीस, म्हणून झाली ही चाळणी."

"ती तिसरी होती," मार्लिस म्हणाली. "मी दुर्बिणीतून पाहिलंय. मधोमधचं भोक तिचं आहे. कडेचं आहे ते माझा हात हलला म्हणून."

अहाहा! मित्रांनो, बाजू घेणारं माणूस असावं तर असं.

घरी अल्विनने दोन्ही कागद टेबलावर पसरून घेतले. डेलच्या कागदावर त्याचं बोट चार भोकांच्या जाळीवर थांबलं आणि त्याची मान कौतुकाने हलली. मग बोट सरकत सरकत टिकलीवर आलं.

"हे काय चिकटवलंय?"

"वारा होता, बाबा. ती कुणी धरत नाही. चार बघा ना, ताईला असे चार जन्मात जमणार नाहीत."

"नाहीच जमणार," अल्विन म्हणाला. त्याने मार्लिसचा कागद ओढला, पाच भोकं चाचपली, वर झाकण ठेवलं आणि कडेने नख फिरवलं. बाहेर काही उरलं नव्हतं. कडेचं भोक अगदी जेमतेम आत होतं. "पण डेल, तुझी ती पाचवी जिथे गेली ना, तिथे एखादं जनावर उभं असतं. पोट फुटून ते चार दिवस रानात मरत राहतं. त्याच्यावर टिकली कुठे लावशील?"

अल्विनने कपाटाची किल्ली मार्लिसच्या तळहातावर ठेवली.

तडकलेली पुंगळी पुन्हा भरत नाहीत आणि भरूही नये. तुम्ही मोठे होऊन त्या टेबलाशी बसलात तर आधी आमची मान बघा. माझ्यासारख्या पुंगळ्या चेपून भंगारात टाकतात. मार्लिसने मला खिडकीत उभं केलं आहे. मोसम उघडला तेव्हा ती गेली आणि तिने एकच बार केला. परत आली, तेव्हा बर्फात वाकून उचललेली एक पुंगळी तिच्या खिशात होती.

डेल अजून येतो, कॉफी पितो आणि मला बघून म्हणतो, ही रिकामी अजून इथेच? हो, इथेच आहे. मोजायचं असेल तर पाचही मोज, बाबा. त्यातली तिसरी मी आहे.